येणाऱ्याची भाकरी

गेल्या महिन्यात नगरला माझ्या एका जुन्या मित्राच्या मातोश्री वारल्या. वयाची नव्वदी त्यांनी ओलांडली होती, आणि प्राथमिक शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. वृत्तपत्रात बातमी यावी असे त्यांच्या आयुष्यात काही घडले नव्हते, आणि तशी ती आलीही नाही. अशा व्यक्तीविषयी या पृष्ठावर लिहावे की न लिहावे, असा संकोच काही दिवस मनात होता. परंतु धर्म, धर्मांतर आणि सहिष्णुता या विषयांवर आपल्याकडे जे बोलले जाते ते ऐकताना मला वारंवार त्यांच्या स्वयंपाकघराची आठवण होते. या प्रश्नांविषयी व्यासपीठांवरून जे ऐकले त्यापेक्षा त्या चुलीपुढे बसून मी अधिक शिकलो, अशी माझी प्रामाणिक समजूत आहे. त्या शिकण्यात माझ्या हातून घडलेल्या एका अपराधाचाही भाग आहे. तोही सांगितला पाहिजे.

त्यांना सारे ‘बाई’ म्हणत. विद्यार्थी म्हणत, शेजारी म्हणत, चर्चमधली मंडळी म्हणत आणि पुढे मीही तेच म्हणू लागलो. यजमान तरुणपणीच वारले होते. दोन मुले पदरात घेऊन त्यांनी शाळा आणि संसार दोन्ही ओढले. नगरच्या मिशन कंपाउंडात त्यांच्या दोन खोल्या होत्या; पुढे ओटा, ओट्याजवळ कडुनिंब, निंबाखाली पाण्याचा माठ आणि त्यावर उपडे घातलेले पितळी भांडे. हा माठ घरच्यांसाठी नव्हता, वाटसरूंसाठी होता. घरात भिंतीवर शास्त्रवचनाची एक पाटी, कोपऱ्यात बाजाची पेटी आणि फळीवर ओळीने मांडलेली इनॅमलची ताटे. श्रीमंती कशातच नव्हती. परंतु त्या घरात पाऊल ठेवणाऱ्याला आपण अवेळी आलो असे कधी वाटले नाही.

मी त्या घरात प्रथम गेलो तो १९७२ साली. आमचे गाव नेवासे तालुक्यातले. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासे आमच्यापासून फार दूर नव्हते आणि आमचे घर वारकऱ्याचे होते. वडिलांच्या गळ्यात माळ, आषाढीची वारी वर्षानुवर्षे न चुकलेली. शेती मात्र कोरडवाहू. आदल्या दोन वर्षांचा पाऊस अपुरा होता, आणि १९७२ च्या पावसाळ्याने तर पाठच फिरवली. विहिरींनी तळ दाखवला, दावणी रिकाम्या झाल्या. ज्यांच्या दारात कालपर्यंत धान्याची पोती उभी होती ती माणसे खडी फोडण्याच्या कामावर जाऊ लागली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती, या एका आकड्यावरून त्या वर्षाची कल्पना यावी.

मी नगरला महाविद्यालयात शिकत होतो. घरून येणारे खाणावळीचे पैसे दिवाळीच्या सुमारास थांबले. तसे पत्र वडिलांनी लिहिले नाही आणि मीही विचारले नाही. मी रात्रीचे जेवण बंद केले आणि मित्रांना पोट बिघडल्याचे कारण सांगू लागलो. माझ्या वर्गातल्या या मित्राने ते कारण चार दिवस ऐकून घेतले. पाचव्या दिवशी तो म्हणाला, “आईनं बोलावलंय. तुझं पोट किती बिघडलंय ते तिला बघायचंय.”

त्या पहिल्या संध्याकाळी ताट समोर आले तेव्हा मी अवघडून बसलो होतो. ख्रिस्ती घरात मी पूर्वी कधी पाणीही प्यायलो नव्हतो. जेवणापूर्वी ती मंडळी डोळे मिटून प्रार्थना करणार, त्या वेळी आपण काय करायचे, हाच विचार माझ्या मनात घोळत होता. बाईंनी तो माझ्या चेहऱ्यावर वाचला असावा. त्या म्हणाल्या, “तुमच्या घरी जेवायच्या आधी श्लोक म्हणतात ना? तू तो म्हण. आम्ही आमच्या पद्धतीनं उपकार मानतो. भाकरी काही दोन देवांची नाही.” मी श्लोक म्हटला. त्यांनी तो संपेपर्यंत हात जोडून ऐकला आणि मग आपली प्रार्थना केली. पुढची जवळजवळ दोन वर्षे हाच क्रम चालू राहिला. त्या घरातल्या प्रार्थना मला पाठ झाल्या आणि माझा श्लोक मित्राच्या धाकट्या बहिणीला.

त्या वर्षी रेशनवर मिलो मिळे. अमेरिकेतून आलेली ती तांबडी ज्वारी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना तिची चव आजही सांगावी लागणार नाही. त्या पिठाला विरी नसे. भाकरी थापताना तुटे, तव्यावर टाकताना तुटे. बाई कढत पाण्यात पीठ भिजवून बराच वेळ मळत आणि तुटलेल्या कडा बोटांनी सांधत. शाळेतून आल्यावर त्या चुलीपुढे बसत आणि भाकऱ्या मोजून करीत. सगळ्यांच्या भाकऱ्या झाल्या की आणखी एक थापून फडक्याखाली वेगळी ठेवीत. ती कोणाची, असे मी एकदा विचारले.

“येणाऱ्याची,” त्या म्हणाल्या.

“कोण येणार आहे?”

“ते कुठं ठाऊक असतं? म्हणून तर ठेवायची.”

आणि त्या वर्षी कोणी ना कोणी येतच असे. खडी फोडून परतणारी एखादी बाई, गाव सोडून निघालेला एखादा म्हातारा, कधी शाळेतलेच एखादे मूल. त्यांची जात किंवा धर्म विचारलेला मी कधी ऐकला नाही. मोजून आणलेल्या धान्यातून ती एक भाकरी कशी निघते, याचे गणित मी एकदा मांडून पाहिले. तेव्हा लक्षात आले की बाई स्वतः नेहमी शेवटी बसत आणि त्यांच्या ताटात भाकरी जेमतेम अर्धी असे.

बाई ज्या परंपरेतून आल्या होत्या तिची ओळख करून घेतल्याखेरीज त्यांच्या या वागण्याचा पुरता अर्थ लागणार नाही. अमेरिकन मराठी मिशनने नगरला आपले काम १८३१ साली सुरू केले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली नगरहूनच निघाले. मिस फरार यांनी तिथे चालविलेल्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा झाली, आणि १८४८ साली ती त्यांनी काढली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. मुलीला अक्षर शिकविणे हे धर्मकार्य आहे, असे मानणाऱ्या शिक्षिकांची एक परंपराच या गावात निर्माण झाली. बाई त्याच परंपरेतल्या होत्या. शाळा सुटल्यावर कंपाउंडातल्या मोलकरणींना ओट्यावर बसवून त्या सही करायला शिकवीत, आणि सही आली की वाचायला.

आणि हे सारे मराठीतून. ख्रिस्ती माणूस म्हटला की तो परका, त्याची भाषा इंग्रजी, असा एक समज आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असतो. तो किती पोकळ आहे हे मला त्या घरात कळले. बाईंच्या पेटीवर वाजणारी भजने मराठी होती आणि त्यांतली कितीतरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची होती. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ख्रिस्ती झालेल्या पतीच्या घरी राहूनही आरंभी सोवळे पाळीत राहिल्या. ते सोवळे एकेक पदर करून कसे गळून पडले, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बाईंनी ते पुस्तक मला वाचायला दिले ते दुष्काळाच्याच वर्षी. देताना म्हणाल्या, “हसत हसत वाच. पण मध्ये मध्ये थांबत जा.” त्यांच्या घरी नाताळला होणारा फराळही आपल्या दिवाळीचाच असे: करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे. ओट्यावर रांगोळी असे आणि दारावर चांदणीच्या आकाराचा आकाशकंदील.

परंतु या परंपरेचा दुसरा एक भाग आहे, आणि त्यावरूनच ख्रिस्ती समाजाला आजही टोमणे ऐकावे लागतात. नगर जिल्ह्यातली अनेक दलित कुटुंबे एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांच्या काळात मिशनकडे आली. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ, पुढे १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा, अशी ही आपत्तींची मालिका होती. मिशनऱ्यांनी दुष्काळी कामे काढली, अनाथ मुले सांभाळली आणि त्याच सुमारास धर्मांतरेही झाली. यावरून ‘पोटासाठी बाटले’ हा शेरा रूढ झाला. भुकेचा आणि धर्मांतराचा संबंध नव्हताच, असे कोणी म्हणू नये. तसे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पण हा शेरा मारणाऱ्यांनी आणखी एक प्रश्न विचारायचा राहून जातो. त्या दुष्काळात या माणसांच्या पोटाची चिंता त्यांच्या गावाने किती केली होती?

बाईंची आजी अशीच १९०० च्या दुष्काळात दोन मुले गमावून मिशनच्या कामावर आली होती. तिला वेशीच्या आत पाणी भरायला मनाई होती. वयाच्या पंचविशीनंतर ती अक्षरे शिकली, आणि मरेपर्यंत शुभवर्तमानाच्या ओळींवरून बोट फिरवीत वाचत राहिली. ही हकीकत बाईंनीच मला सांगितली. मी तेव्हा तरुण आणि वादप्रिय होतो. मी विचारले, “म्हणजे लोक म्हणतात त्यात तथ्य आहे तर?” बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “पोटासाठी आली हे खरंच आहे. त्यात लाज कसली? पण पोट भरल्यावर दुष्काळ सरला, गाव परत बोलावीत होतं, तरी ती राहिली. ती कशासाठी राहिली, हे कुणी विचारत नाही.” थोडे थांबून त्या पुढे म्हणाल्या, “तिथं तिला पहिल्यांदा कुणीतरी बस म्हणालं होतं.”

यापलीकडे धर्माविषयी त्या माझ्याशी आपणहून कधी बोलल्या नाहीत. त्यांची श्रद्धा लेचीपेची मुळीच नव्हती. पहाटे उठून शास्त्रवाचन, रविवारची उपासना, कोणाच्या घरी आजारपण असले की तिथे जाऊन प्रार्थना, यांत कधी खंड पडला नाही. मला मात्र त्यांनी कधी चर्चला ये म्हटले नाही. याचे कारण मी पुष्कळ वर्षांनी विचारले. त्या म्हणाल्या, “भुकेल्याला जेवू घालावं आणि मग गप्प बसावं. बोललं की भाकरीची किंमत लावल्यासारखं होतं.” मग हसून म्हणाल्या, “पण रोजच्या प्रार्थनेत तुझं नाव घेते हो मी. त्याला तुझी परवानगी मागणार नाही.”

आता माझ्या अपराधाविषयी. १९७२ च्या नाताळात मी गावी निघालो तेव्हा बाईंनी एका पितळी डब्यात करंज्या भरून दिल्या. त्या वर्षी तेल, गूळ, खोबरे मिळवणे किती कठीण होते हे मी पाहिले होते. त्या करंज्या संख्येने दहा-बाराच होत्या. “आजीला दे,” त्या म्हणाल्या. घरी डबा उघडला आणि तो कुठून आला हे मी सांगितले. आजीने करंजीला हातही लावला नाही. आमच्या सालगड्याची मुले अंगणात खेळत होती. तिने त्यांना बोलावले आणि डबा त्यांच्या ओंजळीत उपडा केला. आई गप्प राहिली, वडील गप्प राहिले आणि मीही गप्प राहिलो. शेजारून आलेला डबा रिकामा परत करू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. तो डबा रिकामाच माझ्या पिशवीत आला. नगरला उतरल्यावर मी स्टँडजवळच्या दुकानातून आठ आण्यांचा गूळ घेतला, डब्यात ठेवला आणि बाईंना सांगितले, “आजीनं दिलाय. करंज्या फार आवडल्या म्हणाली.” बाईंनी डबा दोन्ही हातांनी घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात माझे वडील दुष्काळी कामावर उन्हाने आजारी पडले आणि मी शिक्षण सोडण्याच्या विचाराने गावी जाऊन बसलो. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपत आली होती. एके दिवशी भर दुपारी बाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. एस.टी.ने फाट्यापर्यंत आणि तिथून रणरणत्या उन्हात पायी. हातातल्या पिशवीत वडिलांसाठी औषध, माझा कोरा अर्ज आणि रुमालात बांधलेले परीक्षेच्या फीचे पैसे. शुभ्र पातळ नेसलेली ही शिक्षिका पाहून आजीने आदराने पोते अंथरले, आणि मग रीतीप्रमाणे विचारले, “कुणाच्या म्हणायच्या तुम्ही?” बाई म्हणाल्या, “आम्ही ख्रिस्ती.” आजीने विचारले, “पूर्वीच्या कोण?” बाईंनी तेही, आवाज जराही न बदलता, सांगितले.

आमच्या पडवीतल्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असे. गावाबाहेरच्या वस्तीवरून कामाला येणाऱ्यांसाठी तो राखून ठेवलेला होता. त्या कपातून बाईंना चहा आला. त्यांनी कपाकडे पाहिले, सावकाश चहा प्यायला, आईने वरून धरलेल्या पाण्याखाली तो कप स्वतः विसळला आणि कोनाड्यात जिथल्या तिथे उपडा ठेवला. मी उंबऱ्यात उभा राहून हे सारे पाहत होतो. माझे वय त्या वेळी अठरा वर्षांचे होते. न कळण्याचे ते वय नव्हे. ज्यांच्या ताटात मी सहा महिने जेवलो होतो त्यांच्यासाठी घरातला दुसरा कप आणून देण्याएवढाही धीर मला झाला नाही. विश्वासाठी पसायदान मागणाऱ्या ज्ञानदेवांचे नाव त्या घरात रोज घेतले जात होते, आणि त्याच घराच्या पडवीत तो कोनाडा होता. या दोन गोष्टी इतकी वर्षे शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि आम्हा कोणालाच त्यात विसंगती दिसली नव्हती.

पुढच्या आठवड्यात अर्ज भरून मी नगरला परतलो. संध्याकाळी बाईंकडे जावे की न जावे, याचा निश्चय होईना. शेवटी मित्रच येऊन घेऊन गेला. माझे ताट नेहमीच्या जागी मांडलेले होते. बाई म्हणाल्या, “वडील कसे आहेत? बस.” मी श्लोक म्हटला. तो संपेपर्यंत त्यांनी नेहमीप्रमाणे हात जोडून ऐकला. मी परीक्षा दिली, शिक्षक झालो, आणि एका शाळेतून निवृत्तही झालो. त्या फीच्या पैशांविना हे घडले नसते. त्या दुपारविषयी बाईंनी अवाक्षर काढले नाही, आणि मीही पन्नास वर्षे काढले नाही.

हे सारे व्यक्तिगत आहे असे कोणी म्हणेल. पण तो कोनाडा एका घराचा नव्हता. धर्म बदलल्याने जात सुटते, असे या समाजातल्या पूर्वजांना वाटले होते. गावाने मात्र ‘पूर्वीच्या कोण’ हे विचारणे सोडले नाही. खुद्द चर्चच्या बाकांवरूनही जात पुरती उठून गेली नाही, हे त्या समाजातल्या विचारवंतांनीच कबूल केले आहे. उलट कायद्यापुढे त्यांची पूर्वीची जात गैरलागू ठरली. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या. १९५६ साली त्यांत शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती झालेले दलित आजही त्यांच्या बाहेर आहेत. या धोरणाच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ युक्तिवाद आहेत, आणि त्यांचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण ज्यांच्यावर लाभासाठी धर्म बदलल्याचा आरोप होतो त्यांनी मिळणाऱ्या सवलतींवर पाणी सोडले आहे, एवढे तरी ध्यानात घ्यायला हवे.

ही वृत्ती केवळ खेड्यापाड्यांतली किंवा निरक्षरांची आहे, असेही समजू नये. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत यावरून काहींनी विरोध केला. बायबलचा सुबोध मराठी अनुवाद करणाऱ्या लेखकाला मराठीच्या व्यासपीठावर ‘तुम्ही कोण’ असे विचारले गेले. संमेलन पार पडले आणि त्यांना ऐकायला रसिक मोठ्या संख्येने जमले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण तो प्रश्न ऐकताना मला आमची पडवी आठवली.

गेल्या हिवाळ्यात मी बाईंना भेटायला गेलो. जिल्ह्याचे आणि शहराचे नाव आता बदलले आहे. कंपाउंडातले निंबाचे झाड तेच होते. बाई अंथरुणावर होत्या, दृष्टी मंदावली होती, पण आवाजावरून त्यांनी मला ओळखले. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, असे मनाशी ठरवून मी त्या दुपारचा विषय काढला. त्या कपाबद्दल क्षमा मागितली. बाई बराच वेळ आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, “चहात आलं घातलं होतं तुझ्या आईनं. त्या वर्षी दूध कुठं मिळत होतं? घरात असेल-नसेल तेवढं दूध तिनं माझ्या चहात घातलं होतं. कप गावाचा होता रे. चहा तिचा होता.”

माझी आई हे ऐकायला हयात नव्हती. मी धीर करून करंज्यांचेही सांगितले. बाई हसल्या. “तो गूळ दुकानातला होता हे मला तेव्हाच कळलं. खेड्यातून आलेल्या गुळाला दुकानाचा दोरा नसतो.” मी थक्क झालो. सहा महिने आधीच त्यांना सारे कळले होते. “मग तुम्ही आमच्याकडे आलात कशा?” मी विचारले. “तुझे वडील आजारी होते,” त्या म्हणाल्या. जणू यापेक्षा वेगळे उत्तर असूच शकत नव्हते. मग त्यांनी विचारले, “करंज्या खाल्ल्या कुणी?” मी सांगितले, सालगड्याच्या मुलांनी. “मग बरंच झालं,” बाई म्हणाल्या. “त्या वर्षी त्यांना जास्त भूक असणार.”

बाईंनी क्षमा केली म्हणून आपण सुटतो असे मी मानत नाही. त्यांचे मन मोठे होते, पण त्याच्या आधाराने आपले लहानपण झाकता येणार नाही. सहिष्णुता हा शब्द आपण फार सहज वापरतो. दुसऱ्याचे सण आपल्याला चालतात, त्याच्या घरचा फराळ चालतो, त्याची शाळा आणि त्याचे रुग्णालय तर फारच चालते. पण आपल्या घरी तो कधी जेवायला बसला का, आणि बसला तर कोणत्या ताटात, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. आमच्या गावचे जुने घर पाडून नवे बांधले, तेव्हा तो कोनाडा आपोआप गेला. तो आम्ही बुजवला असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. आयुष्यभर शिक्षकी करून माझ्या घरी भिन्न धर्माची, भिन्न जातीची किती माणसे पंगतीला बसली, याची यादी मी परवा करायला घेतली. ती लवकर संपली.

बाईंना मूठमाती दिली त्या दिवशी मंडळींनी पेटीवर त्यांची आवडती भजने म्हटली. त्यांच्या हाताखाली अक्षरे गिरवलेल्या कितीतरी बायका आल्या होत्या. त्यांत कुंकू लावलेल्या होत्या, बुरखा घेतलेल्या होत्या. रात्री मित्राने मला थांबवून घेतले. आम्ही सत्तरी गाठलेले दोघे जुन्याच जागी बसलो आणि त्याने सवयीने माझ्याकडे पाहिले. मी श्लोक म्हटला. नंतर त्याने प्रार्थना केली. ती करताना त्याचा आवाज एकदाच थांबला. पाणी आणायला म्हणून मी उठून आत गेलो, तर मित्राची सून चूल आवरीत होती. तिने दुरडीतल्या भाकऱ्या मोजल्या आणि एक फडक्याखाली वेगळी ठेवली. ती कोणाची, हे मी तिला विचारले नाही.